शेजारचं झाकण

१

सकाळी चहाचं पाणी काढायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. आमच्या बिर्गू बंदरगावात नळ येऊन जमाना झाला, पण नळाच्या पाण्याला खारट चव असते आणि तो चहा माझ्या बहिणीच्या, जीझाच्या, घशाखाली उतरत नाही. ती म्हणते, "नळ बोटी धुवायला आणलाय, माणसांना नाही." त्यामुळे साडेसहा वाजता मी अंगणात जातो, टाक्याचं लाकडी झाकण बाजूला सारतो, पोहरा दगडी काठावर दोनदा ठोकतो, जरा थांबतो आणि मग खाली सोडतो.

दोनदा ठोकण्यामागे कारण आहे. आमच्या घराखालचं टाकं खडकात खोदलेलं आहे आणि ते एकट्या आमचं नाही. दोन घरांच्या गच्च्यांवरचं पावसाचं पाणी त्या एकाच टाक्यात उतरायचं. मध्ये भिंत आहे, पण भिंतीच्या तळाशी एक कमान आहे, आणि तिच्यातून पाणी इकडचं तिकडे होतं. दोन्ही घरांनी एकाच वेळी पोहरे सोडले की दोर कमानीत गुंततात. म्हणून आधी ठोकायचं. पलीकडून दोन ठोके आले तर अर्थ असा, की थांब, माझं चाललंय. काही आलं नाही तर खुशाल पाणी काढ.

पलीकडचं घर महायुद्धात, बेचाळीसच्या एप्रिलमध्ये, बॉम्बनं गेलं. आता तिथं बँडच्या क्लबचं गोदाम आहे. त्या बाजूच्या टाक्याच्या तोंडावर सरकारी माणसांनी काँक्रीटची लादी ओतली, तिलाही पंचवीस वर्षं होऊन गेली. तरी मी रोज ठोकतो आणि रोज थांबतो. आईनं लावलेली सवय आहे, आणि माझ्यासारख्या एकट्या माणसाच्या सवयी मोडायला घरात कुणी नसतं. जीझा आहे, पण ती स्वतःच सवयींचं गाठोडं आहे.

एकाहत्तर सालच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी, मी दोनदा ठोकलं आणि पलीकडून दोन ठोके आले.

मी थांबलो. दचकलो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. पलीकडची पाणी काढतेय, तिचं होऊ दे, इतक्या सरळपणे मी पोहरा हातात धरून उभा राहिलो. खालून दोर कप्पीवरून सरकल्याचा आवाज आला. पोहरा पाण्यात बुडाला, भरला, वर गेला, त्यातून निथळणारं पाणी टपटपलं. मग लाकूड दगडावर घासत गेलं आणि धप्प झालं. झाकण लागलं. तेव्हा मी माझा पोहरा सोडला.

"चहा आज देणार आहेस की ईस्टरला?" जीझा स्वयंपाकघरातून ओरडली, आणि तेव्हा कुठे माझ्या अंगावर काटा आला.

मी गोदीत काम करतो. बोटींच्या पत्र्यांवर हातोडीनं ठोकायचं आणि आवाजावरून पत्रा कुठं खंगलाय ते सांगायचं, तीस वर्षं हेच माझं पोट. प्रतिध्वनी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तीनदा ठोकलं.

उत्तर आलं ते दोनच ठोक्यांचं. पाचदा ठोकलं, तरी दोनच. आणि लगेच नाही, हातातलं काम सोडून कुणी उत्तर द्यावं तितक्या वेळानं.

२

त्या दिवसांत माझ्या कोटाच्या खिशात एक पत्र पडून होतं. मेलबर्नहून आलेलं. पाठवणारी वितोरिन, आमच्या त्या शेजारच्या घरातली मुलगी. घर गेलं तेव्हा ती सहा वर्षांची होती, लढाई संपल्यावर मावशीनं तिला बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला नेलं. त्यानंतर ती कधी आली नव्हती.

"एप्रिलमध्ये येतेय," तिनं लिहिलं होतं. "मला कुणाला भेटायचं नाही, काही बघायचंही नाही. फक्त एक विचारायचंय, आणि त्या दिवशी भुयारात आमच्याजवळ बसलेल्यांपैकी आता तुम्हीच उरला आहात. झाकण मी उघडं ठेवलं होतं का?"

एवढंच. याचं उत्तर मला ठाऊक होतं. पत्र खिशात कुजत होतं ते त्यामुळेच.

आमचा इथला दगड पिवळा आणि मऊ. बॉम्ब पडला की त्याची भुकटी पिठासारखी उडते, आणि टाकं उघडं असलं तर सगळी पाण्यात बसते. आमच्या बेटाला वेढा पडला होता त्या वर्षी पाव मोजून मिळत होता, रॉकेल मोजून मिळत होतं, पाणी तेवढं स्वतःचं होतं. भोंगा वाजला की बायका पोरांना आणि जपमाळेला घेऊन खडकातल्या भुयाराकडे पळायच्या आणि आत शिरल्या शिरल्या एकमेकींना विचारायच्या, "झाकलंस ना गं?"

त्या दिवशी वितोरिनची आई, मारियान्ना, पोरीला ओढत आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. नवरा अलेक्झांड्रियाच्या बाजूला बोटीवर होता. मला लहानपणापासून तिनंच दटावलेलं, भरवलेलं.

"गल्लीतून येताना टाकं घुमत होतं," ती म्हणाली. "भोंग्याचा आवाज आतून येत होता. दोन्हीपैकी एक झाकण उघडं आहे. विस्तिन, तुझं लावलंस ना?"

मी एकोणीस वर्षांचा होतो. सकाळी दाढीला पाणी काढलं होतं आणि झाकण तसंच भिंतीला टेकवून ठेवलं होतं, हे मला लख्ख आठवत होतं. खरं बोललो असतो तर मला परत जावं लागलं असतं. बाहेर तोफा सुरू झाल्या होत्या. मला भीती वाटली. याहून मोठं कारण शोधायचा मी फार वर्षं प्रयत्न केला, पण ते नाही.

"लावलं की," मी म्हणालो. "तुमचंच राहिलं असेल."

मारियान्नानं पोरीकडे पाहिलं. "बाहुलीला आंघोळ घातलीस ना सकाळी? झाकण लावलंस?" पोर नुसती रडायला लागली. "हिला धर," मला म्हणाली, "आलेच." आणि गेली.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आमचं घर उभं होतं. आमचं झाकण भिंतीला टेकलेलं होतं. त्यांच्या घराचा ढीग उपसताना तिसऱ्या दिवशी त्यांचं झाकण सापडलं, टाक्याच्या तोंडावर घट्ट बसलेलं. ते मी पाहिलं, आणि कुणाला बोललो नाही.

३

ठोके रोज येऊ लागले. साडेसहाला मी ठोकायचो, पलीकडून उत्तर यायचं, पाणी काढलं जायचं, झाकण लागायचं. मग माझा नंबर. गोदीतल्या लोकांना सांगावं तर ते हसून बेजार झाले असते. मी स्वतःला नाना कारणं दिली. खडकाच्या पोटात पाण्याचे झरे सरकतात, जुन्या भिंतीतून हवा खेळते, धक्क्यावर आरमारी बोट लागली की पूर्ण बिर्गू हादरतं. एकेक कारण चोख होतं. पण त्यातलं एकही पोहरा भरून वर नेत नाही.

शेवटी क्लबच्या गोदामाची किल्ली सांभाळणाऱ्या ग्रेत्सूकडे गेलो.

"उंदीर बघायचेत," मी म्हणालो.

"उंदीर बघायला सूट घालून आलास?" ग्रेत्सू म्हणाला. "खरं सांग. गेल्या वर्षीची ती ट्रॉम्बोन तूच लपवलीस ना? मनाला टोचायला लागलं वाटतं."

आत गावच्या संताच्या, सान लॉरेन्सच्या, जत्रेचे खांब, झालरी, कागदाच्या लगद्याचे देवदूत एकावर एक रचलेले होते. आम्ही दोघांनी चार देवदूत उचलले तेव्हा लादी दिसली. सलग, करडी, कुठेही चीर नाही. तिच्यावर पंचवीस वर्षांची धूळ, आणि धुळीवर उंदराचंसुद्धा पाऊल नाही. मी गुडघ्यावर बसून बोटाच्या पेरानं ठोकलं. काँक्रीट भरीव आणि जाड होतं, माझ्या कानाला तेवढं कळतं.

खालून दोन ठोके आले.

"नळ," ग्रेत्सू लगेच म्हणाला. तो हसत नव्हता. "इथून नळ जातो कुठला तरी. चल, उचल देवदूत."

घरी आलो आणि जीझाला विचारलं. तिचा उजवा कान बेचाळीसपासून गेलेला आहे, पण डावा दोघांचं काम करतो. ती वाटाणे सोलत होती.

"जीझा, टाक्यातून तुला कधी काही ऐकू येतं?"

"सकाळचं म्हणतोस?" तिनं मानही वर केली नाही. "येतं की. मारियान्नाचं पाणी काढणं."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले. "तुला आत्ता ऐकू आलं? विस्तिन, तू रोज ठोकून थांबतोस. मला वाटलं, तुला ठाऊक आहे म्हणून थांबतोस."

मग ती वाटाण्याची टरफलं गोळा करू लागली. "बिचारी कुणाला त्रास देत नाही," ती म्हणाली. "आपलं काढते, झाकते, जाते. काही जिवंत शेजारी बघ की, केवढा धिंगाणा घालतात!"

मला हसू आलं नाही. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. एकोणतीस वर्षं ही बाई झाकण लावतेय आणि मी पलीकडे उभा राहून चहाचं पाणी काढतोय. त्या टाक्याची मला लहानपणापासून जबर ओढ होती. एकदा साफ करायला उतरलो होतो तेव्हा भिंतीवर छिन्नीचे घाव दिसले, चारशे वर्षांपूर्वीचे, कालच मारल्यासारखे ताजे. घराखाली घराएवढाच अंधार आणि तो कुणी तरी हातानं कोरून काढलेला. तेव्हा जी छाती दडपली होती, तशीच आता दडपली. भीती होतीच, पण भीतीपेक्षा ते मोठं होतं.

४

वितोरिन आली ती शुक्रवारी, बंदरापलीकडच्या व्हॅलेटाच्या बाजूनं होडीनं. पस्तीस वर्षांची, उंच, दणकट बुटांची बाई. चेहरा मारियान्नाचा आणि चाल परक्या देशाची. आमची भाषा बोलताना शब्द शोधत होती, पण सापडलेला शब्द अस्सल बिर्गूचा असायचा.

"तिकडे कांगारू दारात येतात म्हणे," जीझा म्हणाली.

"येतात," वितोरिन म्हणाली. "पण तुमच्यासारखं जेवल्याशिवाय सोडत नाही असं करत नाहीत."

जीझा खूश झाली. तिनं कोबीचं सूप वाढलं, पावावर टोमॅटो आणि तेल चोळलं, वाइन ओतली. वितोरिननं एक घोट घेतला आणि पेल्यावर बशी झाकली. पाण्याच्या तांब्यावर रुमाल टाकला. मग जीझाच्या सुपाच्या भांड्यावरचं झाकण सरळ केलं. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं. मी चमचा खाली ठेवला.

जीझा भांडी घेऊन आत गेली तेव्हा वितोरिननं विचारलं.

"पत्र मिळालं ना तुम्हाला?"

"मिळालं."

"मग?"

"फार वर्षं झाली गं," मी म्हणालो. "नीट आठवत नाही."

हे दुसरं खोटं. पहिलं निदान भीतीनं बोललो होतो. वितोरिननं मान हलवली. रागावली नाही, आणि त्यानंच मी अधिक मेलो.

"मावशी चिडली की म्हणायची, तुझ्या बाहुलीच्या आंघोळीपायी माझी बहीण गेली," ती म्हणाली. "मी आठवायचा खूप प्रयत्न करते. झाकण जड होतं, मला दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. ते ओढलेलं आठवतं. पण ते त्या दिवशीचं का आदल्या दिवशीचं, कळत नाही." तिनं बशी पेल्यावर नीट केली. "माझ्या नवऱ्याला मूल हवं होतं. डॉक्टर म्हणाले, काही अडचण नाही. मीच नको म्हटलं. जिला साधं झाकण लावायचं ध्यानात राहत नाही, तिच्या हातात मूल कसं द्यायचं? तो गेला मग. चांगला माणूस होता."

त्याच वेळी अंगणातून दोन ठोके आले. दुपारी, कुणी न ठोकता.

"कोण आहे?" वितोरिननं विचारलं.

"नळ," मी म्हणालो.

शनिवारी ती गावभर एकटी हिंडली. मी गोदीत गेलो, एका बोटीच्या पोटात शिरून दिवसभर पत्रे ठोकले आणि एकाचाही आवाज मला नीट ऐकू आला नाही. सोमवारी तिचं परतीचं तिकीट होतं.

५

रविवारी जीझा चर्चमध्ये बाराच्या मिसेला, प्रार्थनेला, गेली. वितोरिन अंगणात आली आणि टाक्यापाशी उभी राहिली.

"आत बघता येतं?"

"आरसा लागतो," मी म्हणालो. टाक्यात काही पडलं की आम्ही तसंच शोधतो. दुपारचं ऊन अंगणात उतरतं, आरशानं ते खाली टाकायचं. मी भिंतीवरचा दाढीचा आरसा काढला आणि झाकण सारलं. ती काठाशी गुडघे टेकून बसली. मी ठोकलं नाही. मुद्दामच ठोकलं नाही.

उजेड खाली गेला. आधी दगड सोनेरी झाला, छिन्नीच्या घावांसकट. मग पाणी लागलं, हिरवं आणि इतकं स्वच्छ की तळाचा एक फुटका मग दिसत होता. छतावर उजेडाची जाळी हलू लागली. वितोरिननं श्वास आत ओढला. मी ते हजारदा पाहिलं आहे, तरी मीही वाकून बघत राहिलो.

"ती कमान?"

"तीच."

मी आरसा कलता केला. उजेड कमानीतून पलीकडे सरकला आणि पलीकडच्या पाण्यावर एक पांढरा चौकोन दिसला.

माझाच उजेड असणार, मी मनाशी म्हटलं. आरसा मी पालथा करून मांडीवर ठेवला. आमच्या बाजूला अंधार झाला.

पलीकडचा चौकोन तसाच राहिला.

तो वरून येत होता. ज्या तोंडावर हातभर काँक्रीट होतं, त्या तोंडातून पलीकडच्या पाण्यात आभाळ पडलं होतं. निळं, एप्रिलचं. आभाळाच्या कडेला गच्चीचा कोपरा होता आणि कपडे वाळत घालायची दोरी, तिच्यावर लहान मुलीचा फ्रॉक. ती गच्ची मला पाठ होती. तिचा दगडन् दगड मी स्वतः ढिगाऱ्यातून उपसला होता. मी बघत राहिलो आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

"माझा फ्रॉक," वितोरिन म्हणाली. अगदी हळू.

मग टाकं घुमू लागलं. आधी मला वाटलं बंदरातली बोट आहे. पण बोटीचा भोंगा चढत-उतरत नाही. बिर्गूत माझ्या वयाचा एकही माणूस तो आवाज विसरलेला नाही. वर अंगणात कबुतरं निवांत बसली होती, शेजारच्या गल्लीत रेडिओवर फुटबॉल चालू होतं, आणि खाली खडकाच्या पोटात बेचाळीसचा भोंगा वाजत होता.

चौकोनात एक डोकं आलं. रुमाल बांधलेलं. बाई टाक्याच्या तोंडावर वाकली होती. पाणी हलत होतं, चेहरा जुळत होता आणि मोडत होता. ती आपल्या झाकणाशी आली होती, आणि झाकण जिथं असायला हवं तिथंच होतं, तिनं ते बाजूला केलं होतं आणि आता ती कमानीतून आमच्या बाजूला बघत होती. ती काय बघत होती हे मला कळलं. आमच्या बाजूला उजेड आहे का, हे ती बघत होती.

"विस्तिन," खालून आवाज आला. धाप लागलेली होती. "तुझं लावलंस ना?"

वितोरिननं माझ्याकडे पाहिलं.

‘लावलं’ हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. आताही. एकोणतीस वर्षांनी, भर दुपारी, कुठलीही तोफ डागली जात नसताना. वितोरिनच्या डोळ्यांकडे बघून तो बोलता आला नाही म्हणा, किंवा खालच्या त्या डोक्यासमोर आला नाही म्हणा. मी काठावर दोन्ही हात टेकले आणि आत तोंड घालून बोललो.

"नाही. माझं उघडं आहे. मी खोटं बोललो, मारियान्ना. मला भीती वाटली. पोरीनं लावलं होतं. तुमचं लागलेलंच होतं."

माझा आवाज कमानीतून पलीकडे गेला आणि फिरत राहिला. डोकं स्थिर झालं. पाणीही स्थिर झालं, आणि एका क्षणापुरता चेहरा जुळून आला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. तिचे डोळे माझ्यावर होते, एवढंच.

शेजारी वितोरिन हलत नव्हती. ती आता मला ढकलेल, मारेल, असं मला वाटलं आणि ते मला चाललं असतं. मग ती बोलली. तिचा आवाज कोरडा होता.

"तिला सांग मी इथं आहे म्हणून. माझा आवाज ती ओळखणार नाही."

मी पुन्हा वाकलो. "मारियान्ना! पोर माझ्यापाशी आहे! सुखरूप आहे! काही बघू नकोस, झाकू नकोस, नीघ तिथनं! नीघ!"

डोकं गेलं. चौकोनात नुसतं आभाळ राहिलं आणि हलणारा फ्रॉक. लाकडी चपला दगडी फरशीवरून धावत गेल्या, कुठलं तरी दार आपटलं, आणि मग एकदम चौकोन पांढराफटक झाला आणि विझला. आवाज काही आला नाही. पण आमच्या कप्पीवरचा दोर वारा नसताना हिंदकळू लागला, आणि तळातून वर आलेली थंडगार हवा आमच्या दोघांच्या तोंडावर आदळली. तिला दगडाच्या भुकटीचा वास होता.

६

वितोरिन उठून पळाली. मला वाटलं, ती निघून चालली. मागोमाग गेलो तर ती पुढच्या दारात होती. तिनं दार सताड उघडलं होतं आणि उंबऱ्यावर उभी होती, एक हात चौकटीला धरून.

बाहेर ऊन इतकं होतं की गल्लीचा दगड बघवत नव्हता. गल्ली आमच्या दारापासून वर चढत जाते आणि चर्चच्या बाजूला वळते. त्या वळणाच्या पलीकडे, दिसत नव्हतं तिथं, लाकडी चपला वाजत होत्या. भरभर, एका लयीत, उताराकडे येणाऱ्या.

मिस सुटली असेल. बिर्गूत अजून दोघीतिघी म्हाताऱ्या तसल्या चपला घालतात. हे मी मनाशी म्हटलं, पण म्हाताऱ्या पळत नाहीत.

मी वितोरिनच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. काही तरी बोलायला हवं होतं. क्षमा कर, म्हणायला हवं होतं. तिचा चेहरा मी बाजूनं पाहिला. त्यावर माझ्यासाठी काही नव्हतं, राग नव्हता आणि दयाही नव्हती. ओठ उघडे होते, डोळे वळणावर खिळले होते, आणि ती इतकी लहान दिसत होती की मला तिच्याकडे बघवेना.

चपलांचा आवाज वळणापाशी आला.

"तू आत जा," वितोरिन माझ्याकडे न बघता म्हणाली. "तिला तू दिसायला नकोस."

मी आत गेलो.